भाग्येशला काहीच येत नाही

मूल वाढतं ते दुधाने, भाकरीने आणि धुळीत लोळून, असा जुन्या लोकांचा समज होता. तो आता रद्द झाला आहे. मूल नोंदीने वाढतं. ज्याची नोंद नाही ते मूल जागच्या जागी उभं असतं, मग ते धावत का असेना.

नर्मदाबाईंची तक्रार नोंदीबद्दल नव्हती. तक्रार होती सुनेबद्दल. शहाद्यात बसस्टँडमागे रूपाली मॅडमचं बालसंगोपन केंद्र होतं. पावणेतीन वर्षांचा नातू भाग्येश तिथे सकाळी जायचा आणि त्याची प्रगती मोबाईलवर घरी यायची. सून दीपमाला ती गरमागरम नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकायची. ग्रुपात एकसष्ट माणसं.

'१०.१०: केळं स्वतः सोललं (अर्धं). ११.४०: शी, मध्यम. १२.०५: मित्राच्या डब्यात सहकार्यभावाने हात घातला.'

सुरतेच्या चुलत नणंदेला पोराची शी वेळेवर कळत होती. घरातलं हिंग संपलंय, हे मात्र कुणी कुणाला कळवत नव्हतं. नर्मदाबाईंनी चार पोरं वाढवली होती. त्यांना दात आलेत हे लोकांना कळलं ते चावल्यावर.

त्यांची स्वतःची पद्धत साधी होती. पोराचा गुण परक्यापुढे कबूल करायचा नाही, दृष्ट लागते. कुणी 'गोंडस आहे हो' म्हटलं की 'कसला गोंडस, माकड आहे' म्हणून मोकळं व्हायचं. या पद्धतीने त्यांची चारही पोरं कुरूप, मंद आणि रोगट म्हणवून घेत धडधाकट वाढली होती.

मार्चात केंद्राने त्रैमासिक तपासणी काढली. 'बालकाजवळ घरी सर्वाधिक वेळ असणाऱ्या व्यक्तीने' फोनवर चाळीस प्रश्नांची उत्तरं द्यायची होती. दीपमाला कचेरीत, मुलगा हेमकांत साखर कारखान्यावर. व्यक्ती ठरलेलीच.

"आजी, भाग्येश तीन शब्दांचं वाक्य बोलतो का?" रूपाली मॅडमनी विचारलं.

"कसलं बोलस माय! निव्वळ मुका शे." (भाग्येश तेव्हा दारातल्या बोकडाला, त्याने कुठे जावं हे सविस्तर सांगत होता.)

"जिना चढतो?"

"त्याले धड बसता बी येत नई." (बोकड संपवून तो आता धान्याच्या कोठीवर चढला होता.)

"प्रश्न सतरावा. हातातली वस्तू मागितली तर देतो?"

"नई व माय. चिकटी बसस."

चाळीसपैकी चाळीस 'नाही'. नर्मदाबाईंनी फोन ठेवला, नातवावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि एवढ्या मोठ्या संकटातून पोर वाचवल्याच्या समाधानात चहा टाकला.

संध्याकाळी निकाल आला. केंद्रातल्या सत्तावीस मुलांपैकी सव्वीस 'वयाच्या पुढे' होती. (त्यांची उत्तरं ज्याच्या त्याच्या आईने दिली होती. त्यातल्या अकरा मुलांना चड्डीची पुढची बाजू कळत नसे. ती भाग्येश फिरवून द्यायचा.) भाग्येशचा तक्ता मात्र मिरच्या वाळत घातल्यासारखा लालभडक. शेरा असा: 'जूनपासून मोठ्या गटाऐवजी तान्ह्यांच्या, म्हणजे बाटलीच्या गटात ठेवावे. आईने नोकरी सोडून घरी लक्ष दिल्यास उत्तम.' अहवाल ग्रुपवर आपोआप गेला, कारण दीपमालाने तशी सोयच करून ठेवली होती. चव्वेचाळीस जणांनी हात जोडले, नऊ जणांनी डॉक्टरांचे नंबर दिले आणि तळोद्याच्या मामांनी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या.

दीपमाला रडत राजीनामा लिहायला बसली. तेव्हा नर्मदाबाईंनी हातातली कपबशी तशीच खाली ठेवली. या नोकरीच्या परीक्षेसाठी त्यांनी सुनेला वर्षभर स्वयंपाकघरात फिरकू दिलं नव्हतं. 'मन्ही सून साहेबनी खुर्चीवर बसस' हे त्या गावभर सांगायच्या. (तिथे दृष्टीचा नियम लागू नव्हता.)

दुसऱ्या दिवशी त्या नातवाला आणि सुनेला घेऊन केंद्रात गेल्या. पोरांना सोडायला आलेल्या बारा आया तिथे उभ्याच होत्या.

"रूपाली, परत इचार. बठ्ठे चाळीस."

नातवाच्या कानामागे काजळ, स्वतःच्या मुठीत मीठ-मोहरी. परक्या आयांच्या चोवीस डोळ्यांदेखत त्या एकेक गुण कबूल करत गेल्या. "बोलस." "चढस." प्रत्येक होकाराला त्यांच्या कपाळावर घाम येत होता. सतराव्या प्रश्नाला रूपाली मॅडमनी भाग्येशपुढे हात केला. त्याने हातातलं बिस्कीट लगेच दिलं, वर खिशातलं अर्धंही काढून दिलं. चाळीसपैकी चाळीस. तक्ता हिरवा झाला.

राजीनामा फाटला. दीपमालाने डोळे पुसले आणि तो ग्रुपवर आपोआप जाईपर्यंतही न थांबता तक्त्याचा फोटो काढला.

"सगळ्यांना कळवते!"

नर्मदाबाईंनी मूठ उघडून हात पुढे केला. "दे माले तो मोबाईल."

"थांबा ना आत्याबाई, एकच मिनिट."

"दे."

"एवढं पाठवू द्या ना!" दीपमालाने पाठ फिरवली. बाकीच्या आयांनीही आपापले मोबाईल हळूच छातीशी धरले. (हे वाचताना तुमच्यापुढे कुणी असा हात केला तर काय कराल, ते मनातल्या मनात नोंदवून ठेवा.)

नर्मदाबाईंचा हात तसाच रिकामा राहिला. त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "प्रश्न सतरावा, दीपमाला. पोऱ्या पास. जूनपासून बाटलीना गटमा तू बस."