गळतीवाले पोहायला जातात

पाणीपुरवठा कार्यालयातल्या सोमवारच्या बैठकीत गळतीवाल्यांनी हात वर केला तो निव्वळ चहासाठी. शिपाई किटली घेऊन दारात उभा होता, आणि साखरेचा कप समोर आदळून पुढे निघून जायची त्याची जुनी खोड होती. म्हणून गळतीवाल्यांनी वेळीच हात उंच करून ‘मला बिनसाखरेचा’ अशी खूण केली. नेमके त्याच क्षणी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नवे साहेब विचारत होते, “तर मग रविवारी सकाळी माझ्याबरोबर पोहायला कोण कोण येणार?”

शहरभरच्या फुटक्या पाइपांच्या तक्रारी ज्यांच्या टेबलावर येतात ते गळतीवाले. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथंच पडून होतं. त्यांचं सगळं लक्ष किटलीकडे असल्यामुळे साहेबांचा प्रश्न त्यांना ऐकूच आला नाही. शेजारच्या बिलवाल्यांना मात्र प्रश्नही ऐकू आला आणि हातही दिसला. जो माणूस ऑफिसच्या सहलीला कधी आला नाही तो पोहायला निघालाय, म्हणजे यात नक्की काहीतरी आहे, बढती तरी नाहीतर चांगल्या जागी बदली तरी, असा हिशेब करून त्यांनीही हात वर केला. दोन हात बघून मीटरवाल्यांनी केला. तीन पुरुष निघाले आणि आपण मागे राहिलो तर ‘बायकांना कुठं जमतंय’ हे वर्षभर ऐकावं लागेल, म्हणून रोखपालबाईंनी केला. शेवटी शिपायानं किटली डाव्या हातात घेतली आणि उजवा वर केला.

साहेबांनी वर झालेले हात एकेक करून मोजले.

“सगळे?” त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. तो आनंदानं झाला असणार असं सगळे धरून चालले. “वा! अहो, आपण शहराला पाणी पुरवणारी माणसं. आपणच पाण्याला भ्यायलो तर कसं व्हायचं? आणि पुढाकार घेतल्याबद्दल गळतीवाल्यांचं खास कौतुक.”

टाळ्या झाल्या. गळतीवाल्यांनीही वाजवल्या. मग ते बिलवाल्यांच्या कानाशी लागले. “कौतुक कशाबद्दल हो माझं?”

“पोहण्याबद्दल! छुपे रुस्तम निघालात की!”

गळतीवाल्यांना पोहता येत नव्हतं. लहानपणी तळ्याच्या काठावरून घसरून त्यांनी पोटभर गटांगळ्या खाल्ल्या होत्या. तेव्हापासून ते अंघोळीलासुद्धा बादली अर्धीच भरत आणि डोक्यावर पाणी घेताना डोळे उघडे ठेवत. पाणी कागदावर असेल तोवर त्यांचं पाण्याशी काही भांडण नव्हतं.

‘साहेब, तो हात चहाचा होता,’ एवढं एक वाक्य बोलून टाकलं असतं तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण टाळ्या वाजून गेल्यावर असलं वाक्य बोलायला जी छाती लागते, ती गळतीवाल्यांकडे नव्हती. इतर कोणाकडे असते असंही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बिलवाल्यांना गाठलं. “काय हो, तुमचा तो कान दुखायचा ना?”

“दुखायचा काय, दुखतोच. डॉक्टरांनी पोहण्याचं नाव काढू नका म्हणून सांगितलंय.”

“मग नाही म्हणा की साहेबांना!” गळतीवाल्यांना एकदम तरतरी आली. “तुम्ही नाही म्हणालात की मीही म्हणतो.”

“पहिला हात कोणाचा? तुमचा. आधी तुम्ही म्हणा, मग मी म्हणतो.”

मीटरवाल्यांनी तोवर पोहण्याचा चष्मा आणला होता आणि ऑफिसात तो डोळ्यांवर चढवून फायली चाळत होते. “मला तर काठावर उभं राहिलं तरी गरगरतं,” ते मोकळेपणानं म्हणाले. “पण म्हटलं, गळतीवाल्यांसारखा माणूस जातोय तर आपण कोण मोठे?” उरल्या रोखपालबाई. त्यांच्याकडून गळतीवाल्यांना फार आशा होती, पण तोंड उघडायच्या आधीच बाई म्हणाल्या, “तुमचे आभार कसे मानू? माझी मुलगी आठवीत आहे. आई काय करते म्हणून कोणी विचारलं की विषय बदलायची. काल तिनं स्वतःहून मैत्रिणीला फोन करून सांगितलं, माझी आई पोहायला शिकणार आहे.” आता या बाईला काय सांगणार? गळतीवाले “वा, वा” म्हणून जागेवर जाऊन बसले.

घरी बायकोपुढं त्यांनी सगळं खरं सांगितलं. बायको आधी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग एकदम गंभीर झाली.

“आता माघार नाही घ्यायची. मी माहेरी सांगून बसलेय.”

“माहेरी? कधी?”

“दुपारीच. तुमच्या शिपायाची बायको भाजी घेताना भेटली, तिनं सांगितलं. मी लगेच दादाला फोन केला.”

“अगं, पण मला विचारायचंस तरी!”

“आयुष्यात पहिल्यांदा कशात तरी पहिले आलात तुम्ही. सांगू नको? दादा म्हणाला, दाजींना मी उगाच घाबरट समजत होतो.”

ज्या मेहुण्यानं लग्नापासून आपल्याला घाबरट म्हटलं, त्यानं शब्द मागे घेतल्यावर गळतीवाल्यांची उरलीसुरली वाटही बंद झाली.

रविवारी सकाळी पोहण्याच्या तलावाच्या काठावर कार्यालय ओळीनं उभं होतं. कपड्यांत रुबाबदार दिसणारी माणसं चड्डी आणि रबरी टोपीत अगदीच कोवळी दिसत होती. साहेबांचं पोट हे ऑफिसातल्या टेबलाखाली केवढं दडून बसलं होतं ते आज सगळ्यांना कळलं. बिलवाल्यांनी दुखऱ्या कानात कापूस कोंबला होता. मीटरवाल्यांनी चष्मा लावून डोळे मिटून घेतले होते. पलीकडच्या बाकावर रोखपालबाईंची मुलगी मैत्रिणींना घेऊन बसली होती.

“हं, पहिलं कोण?” शिट्टी गळ्यात अडकवलेल्या मास्तरांनी विचारलं.

सगळ्या रबरी टोप्या एकाच दिशेला वळल्या. त्या टोप्यांकडे पाहताना गळतीवाल्यांना एक गोष्ट कळून चुकली. पाण्याची भीती मोठी होती खरी, पण या माणसांपुढं ‘नाही’ म्हणण्याची भीती तिच्याहून मोठी होती. त्यांनी डोळे मिटले, मनातल्या मनात बायकामुलांचा निरोप घेतला आणि उडी मारली.

पाणी नाकात गेलं, कानात गेलं. गळतीवाल्यांनी एक मोठी आरोळी ठोकायला तोंड उघडलं तर ते तोंडातही गेलं. काठावर एकच ओरडा झाला. आणि मग कोणाच्या ध्यानीमनी नसताना साहेबांनी पाण्यात उडी घेतली. साहेबांनी घेतली म्हणून बिलवाल्यांनी घेतली, आणि मग सगळं कार्यालय धपाधप पाण्यात पडलं. साहेबांनी गळतीवाल्यांना मिठी मारली, गळतीवाल्यांनी साहेबांना, आणि दोघं मिळून बुडू लागले.

“अहो, उभे राहा!” मास्तर ओरडले. “नुसते उभे राहा!”

दोघं उभे राहिले. पाणी कमरेएवढं होतं.

“साहेब, तुम्ही माझ्यासाठी उडी मारलीत,” गळतीवाले तोंडातलं पाणी थुंकत म्हणाले. “आणि तुम्हाला तर पोहता...”

“येत नाही,” साहेब दबक्या आवाजात म्हणाले. “अजिबात येत नाही. पाण्याची भीती वाटते मला.”

“मग विचारलंत कशाला, कोण येणार म्हणून?”

“डॉक्टर म्हणाले पोहा, आणि बायको हात धुऊन मागे लागली. मी म्हटलं, ऑफिसातलं कोणी सोबतीला आलं तर जाईन. खात्री होती मला, एकही हात वर होणार नाही. आणि तुम्ही केलात!”

“साहेब, तो चहासाठी होता हो. बिनसाखरेच्या.”

साहेबांच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरला. “म्हणजे कोणालाच यायचं नव्हतं! सांगून टाकू या? आत्ताच्या आत्ता?”

“सांगूनच टाकू,” गळतीवाले म्हणाले. आठवडाभरात त्यांना एवढं हलकं वाटलं नव्हतं. दोघंही बाकीच्यांकडे वळले.

रोखपालबाई मुलीकडे बघून दोन्ही हात हलवत होत्या आणि मुलगी बाकावर उभी राहून टाळ्या वाजवत होती. बिलवाले ओला कापूस पिळत ओरडले, “काय मजा आहे हो!” ते ऐकून मीटरवाले डोळे न उघडताच म्हणाले, “खरंच, रोज यायला पाहिजे.” शिपाई म्हणाला, “रोजच येऊ की! काय साहेब?”

सगळे साहेबांकडे आणि गळतीवाल्यांकडे बघू लागले.

“रोज,” साहेब म्हणाले.

“रोज म्हणजे काय, रोजच!” गळतीवाले म्हणाले.

टॉवेलनं डोकं पुसताना साहेबांनी त्यांना हळूच कोपऱ्यात घेतलं. “उद्या तुम्ही खरंच येणार आहात?”

“तुम्ही?”

“तुम्ही आलात तर मला यावंच लागेल.”

“मग साहेब,” गळतीवाले खिन्नपणे म्हणाले, “मलाही यावं लागेल.”