घटसर्पाला जिना चढता येत नाही

रोगाचा बंदोबस्त करायचा तर तो नेमका कुठे आहे हे आधी कळावं लागतं, याबद्दल सुधारलेल्या जगात दुमत नाही. विलायतेतल्या क्लाइड नदीकाठच्या किनक्लेथ वॉर्डात ते कळत असे. आरोग्य कचेरीच्या भिंतीवर नकाशा होता. आरोग्य निरीक्षक वॉर्ड्रॉपसाहेब दारोदार फिरत आणि जिथे रोग दिसे तिथे लाल टाचणी टोचली जाई.

सन १९०५ ते १९०७ या तीन वर्षांत घटसर्पाचे एकूण दोनशे चौदा रुग्ण सापडले. तळमजल्यावर एकशे अठरा, पहिल्यावर एकोणऐंशी, दुसऱ्यावर सतरा (या सतरा घरी जिन्याचा कठडा मजबूत होता). तिसऱ्यावर एकही नाही. यावरून घटसर्पाला उंची सोसत नाही, हा शोध लागला. वॉर्ड्रॉपसाहेबांचा उजवा गुडघा सन १९०४ पासून दुखत होता, पण शास्त्रीय अहवालात खाजगी बाबी येत नाहीत. घरमालकांना शोध फार आवडला. त्यांनी तिसऱ्या मजल्याची भाडी वाढवली.

ईफी लोगी तिसऱ्या मजल्यावर राही. अडुसष्ट पायऱ्या. तिच्या तीन वर्षांच्या नॅनने दोन दिवस लापशीला तोंड लावलं नव्हतं आणि आता तिचा श्वास किटलीसारखा वाजत होता. इस्पितळात घटसर्पावरचं प्रतिविष होतं, गाडी होती. गाडीला फक्त निरीक्षकाची चिठ्ठी लागे.

ईफीने साहेबांना चाळीच्या दारातच गाठलं.

"साहेब, पोरीच्या घशात करडा पापुद्रा धरलाय."

"कितवा मजला?"

"तिसरा."

"मग सर्दी असेल."

"वर येऊन बघा तरी."

"बाई, मी वर आलो आणि तिथे घटसर्प निघाला, तर तीन वर्षांचा अहवाल कुठे ठेवू?" साहेब कळवळून म्हणाले. माणूस वाईट नव्हता.

तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या मिसेस बेग दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "अगं, रडतेस काय? आण तिला खाली. माझ्या खाटेवर रोगाला परवानगी आहे."

"तुम्हाला लागला म्हणजे?"

"मला लहानपणीच येऊन गेलाय. तोवर मी ह्यांना चहा पाजते. चहा सोडून जायचे नाहीत ते."

ईफी वर धावली. नॅनला शालीत गुंडाळून, तिचा प्रत्येक श्वास कानाने धरून, ती एकेक पायरी उतरली. खाटेवर ठेवताच साहेबांनी चमच्याने जीभ दाबली, क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, "घटसर्प. अगदी स्पष्ट." अर्ध्या तासात गाडी दारात होती.

पाच आठवड्यांनी नॅन घोगऱ्या आवाजात लापशी मागत घरी आली. नकाशावर तळमजल्याची एक टाचणी वाढली. त्या वर्षीच्या अहवालात नोंद आहे: 'एक बालरुग्ण इस्पितळातून थेट तिसऱ्या मजल्यावर राहण्यास गेली. प्रकृती उत्तम. उंचीचा गुण निर्विवाद सिद्ध.' ईफीने तो उतारा कापून चुलीमागच्या भिंतीला चिकटवला आहे.

वाचकांनी निर्धास्त असावं. तुमच्या घरावर टाचणी नाही, त्या अर्थी घरात सगळे ठणठणीत आहेत. फक्त आज सवडीने जिन्याच्या पायऱ्या मोजून ठेवा. आणि तळमजल्यावरच्या शेजारणीशी अबोला धरला असेल, तर सोडा.