पाखऱ्याचं आवतन

ब्याण्णव सालच्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी उद्धवराव डोमाजीच्या गोठ्यात गेले, त्यांनी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळलं आणि रीतीप्रमाणे कानात सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." इथवर सगळं ठीक होतं. बाप-आजे हेच म्हणत आले होते. पण उद्धवराव पडले तेलुगू मुलखातल्या मंडल ऑफिसातले सीनियर क्लार्क! समोर आलेल्या कागदावर स्वतःचा शेरा मारल्याशिवाय तो पुढं सरकवायचा नाही, ही वीस वर्षांची सवय. त्यांनी पाखऱ्याच्या कानात शेरा मारला, "दारात नाही हो, घरात या!"

डोमाजीचा हात थांबला. उद्धवरावांची जैनथजवळची जमीन तोच वाहायचा; त्याच्या बापानंही तीच वाहिली होती.

"मालक, घरात कसा येईल बैल?"

"काऊन नाही येणार? याच्या बाप-आज्यांच्या जिवावर मी शिकलो, नोकरीला लागलो, घर बांधलं. पाव्हण्याले दारात उभं करते का कोनी? अन् ऐक, तोरणाच्या आधी आण. दर साली तोरण तुटल्यावर तुझे बैल गावभर पुरणपोळ्या खाऊन माझ्याकडं ढेकर द्यायला येतात. यंदा पहिली पूजा आपली!"

डोमाजी घुटमळला. "उद्या मानाची जोडी माही हाय जी, गावाचं तोरण तीच तोडते. अकरा सालानं पाळी आली. चार वाजता तोरणाखाली पोचलो नाई तर अमृतराव पटेल दुसऱ्याची जोडी उभी करतीन."

"दहा मिनिटांचं काम आहे रे!" उद्धवराव म्हणाले. सरकारी माणसाची दहा मिनिटं!

घरी बायकोनं, कुमुदिनीबाईंनी ऐकलं आणि त्यांच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. "घरात? माझ्या तांदूरच्या फरशीवर?" मागच्याच महिन्यात त्या फरशीला पॉलिश झालं होतं. खाली पाहून भांग पाडता यावा, अशी चमकत होती!

उद्धवरावांची आई मथुराबाई मात्र एवढंच म्हणाली, "आण बाप्पा. पण पोळ्याच्या दिवशी बैलाले काठी लावायची नाई, शेपूट पिळायची नाई, शिवी द्यायची नाई. मी बसल्या जागेवरून पाहून राह्यली."

"शिवी कशाला देईन मी, आई? आभार मानायला आणतोय त्याला!"

दुसऱ्या दिवशी तीन वाजता डोमाजी जोडी घेऊन आला. अंगावर झुली, शिंगांना बेगड, कपाळावर बाशिंगं. जोडीतल्या दुसऱ्याला, कवड्याला, बाहेर खांबाला बांधलं. दारापासून देवघरापर्यंत कुमुदिनीबाईंनी गोणपाटं अंथरली होती. त्यांवरून पाखऱ्या नवरदेवासारखा, एकेक पाय जपून टाकत आत आला. ओवाळणं झालं, पुरणपोळीचा घास झाला. उद्धवरावांचे डोळे पाणावले. घड्याळात साडेतीन.

"चल रे पाखऱ्या," डोमाजीनं कासरा ओढला. पाखऱ्या वळायला गेला आणि मागच्या पायाखालचं गोणपाट सर्रकन निसटलं. त्यानं दचकून खाली पाहिलं. खालून दुसरा बैल त्याच्याकडं पाहत होता! पाखऱ्या जोरात फुरफुरला, जरा विचार केला आणि घराच्या मधोमध बसला.

"ऊठ ना रे माह्या राजा," डोमाजी म्हणाला. "ऊठ ना माह्या सोन्या..." गोड बोलताना त्याचा हात सवयीनं शेपटीकडं सरकला.

"अंहं!" पलंगावरून मथुराबाई खाकरली.

हात मागं आला. उद्धवराव पुढं झाले. "तुमचे फार उपकार आहेत आमच्यावर. आता कृपा करून उठावं." पाखऱ्यानं रवंथ सुरू केलं. मग ऑफिसात साहेबाशी बोलायचं तसं त्यांनी तेच आर्जव आदराच्या तेलुगूत केलं, "लेवंडी सार, लेवंडी!"

"त्याले तेलुगू येत नाई, मालक," डोमाजी दातओठ खाऊन म्हणाला.

पुरणपोळीचं आमिष दाखवलं. पाखऱ्यानं बसल्या बसल्या मान लांब करून एक खाल्ली, मग दुसरी, मग आठ. घरच्या जेवणाची चळत संपली तरी त्याचा खूर हलला नाही! बाहेर कवड्या हंबरायला लागला. तोरणाकडून डफड्यांचा आवाज यायला लागला.

पटेलांचा माणूस दारात आला. "डोमाजी, काय करून राह्यला? समदं गाव खोळंबलं!"

"आलोच!"

पावणेचारला तो पुन्हा आला. आत डोकावला, पाखऱ्याला पाहून त्यानं आ वासला. "पटेल म्हणते, चार म्हंजे चार. दुसरी जोडी तयार ठेवली हाय." आणि पळाला.

उद्धवरावांना घाम फुटला. एक शिवी अगदी ओठापर्यंत आली होती! त्यांनी आईकडं पाहिलं आणि ती गिळली. मग दोघांनी मिळून बैलाला मागून रेटलं. पाखऱ्या जागचा हलला नाही, उद्धवराव मात्र त्या पॉलिशवरून घसरत थेट पलंगाखाली गेले!

ते धोतर सावरत बाहेर येतात तो डोमाजी उंबऱ्यावर बसलेला. नवा कोरा पटका त्यानं काढून मांडीवर ठेवला होता.

"राहू द्या, मालक. नाई नशिबात."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. उद्धवरावांना तोंड कुठं लपवावं कळेना. अकरा सालं थांबलेला माणूस, आणि आपण आभार मानायच्या नादात त्याचा दिवस खाल्ला!

कुमुदिनीबाई मागच्या दारानं परसात गेल्या. परतल्या त्या डोक्यावर ओल्या मातीचं घमेलं घेऊन. उद्धवराव "अगं, अगं" म्हणेपर्यंत त्यांनी ते स्वतःच्या हातानं तांदूरच्या फरशीवर उपडं केलं!

"पाहून काय राह्यले? अजून आणा! त्याले पाय रोवायला माती पायजे. अन् मागं वळवू नका, सरळ समोर काढा. सैपाकघरातून!"

आता कुणी कुणाला विचारलं नाही. मालक, मालकीण, डोमाजी, तिघंही परसातून माती वाहायला लागले. पाखऱ्याच्या नाकपुड्या फुलल्या. ओळखीचा वास आला. त्यानं एक खूर रोवला, दुसरा रोवला आणि उठला!

"चल माह्या वाघा!"

वाघ चालला. स्वयंपाकघराच्या दारात शिंग अडकलं, ते त्यानं मान झटकून सोडवलं. त्या झटक्यासरशी फळीवरचा कणकेचा डबा त्याच्या पाठीवर उपडा झाला, पाठोपाठ हळदीचा. ओट्यावरचं आमटीचं पातेलं कुमुदिनीबाईंनी वरच्यावर झेललं. परसदारातून पाखऱ्या बाहेर पडला तो पांढराशुभ्र, वर पिवळे शिंतोडे! झटकायला वेळ कुणाला होता? डोमाजीनं कवड्याला सोडलं आणि जोडी घेऊन तोरणाकडं धूम ठोकली.

उद्धवराव बायकोला म्हणाले, "तुझे उपकार..."

"तोंडानं नका मानू," त्या म्हणाल्या आणि हातात बादली दिली.

दिवेलागणीला उद्धवराव गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होते, तेव्हा डोमाजी दारात उभा राहिला. पटका डोक्यावर, चेहरा फुललेला.

"तुटलं, मालक! माह्याच जोडीनं तोडलं तोरण! पटेलांनी दुसऱ्याचा कासरा हाती घेतला होता. पण कणकेतला पांढरा पाखऱ्या पाहून, देवाचाच बैल समजून बाया हात जोडायला लागल्या. पटेल थांबलेच!"

उद्धवरावांनी सुटकेचा श्वास सोडला. "उशिराचं काय सांगितलंस रे?"

"खरं सांगून तुमचं नाव कसं खराब करू? म्या म्हणलं, देवापुढं पूजा होती, मालकाले बैल सोडवेचना. पटेल खूश! म्हणले, उपकार असे मानावं. समद्या गावापुढं ठरलं. आता मानाच्या जोडीची पयली पूजा दर साली तुमच्या घरात. आतमंधी."

आत भांड्यांचा आवाज एकदम थांबला. उद्धवराव घाईनं कुजबुजले, "दर साली? एकाच बैलाची ना?"

डोमाजी लाजला.

"जोडीची जी. कवड्या दुपारपासून रुसून बसला हाय."