मनगटी पट्ट्याची तपासणी

"आठवड्याच्या आत हा पट्टा उघडा पाडतो," काटेसाहेब म्हणाले आणि मनगट उलटंसुलटं करून त्यांनी पट्ट्याची खालची बाजू न्याहाळली. मेण किंवा लोहचुंबक काही चिकटवलेलं दिसलं नाही. त्यामुळे त्यांचा संशय आणखीच वाढला.

काटेसाहेब वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. हे नाव त्यांना दुकानदारांनी ठेवलेलं. खरं नाव पेन्शनच्या कागदांवर कसंबसं तग धरून होतं. नोकरीभर त्यांनी एकच काम केलं, कोण काटा मारतो ते शोधलं. निवृत्त झाल्यावर खुर्ची गेली, पण नजर राहिली. घरातल्या थर्मामीटरवर त्यांचा भरवसा नव्हता. भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले हे ते शेजाऱ्याला विचारून मगच मान्य करत.

अशा माणसाच्या छातीत दुखलं. हॉस्पिटलात हृदयाची एक नळी मोकळी करून त्यांना घरी सोडलं आणि सोडताना हातात हा पट्टा बांधला. सिस्टरने गोड आवाजात समजावलं, "काका, हा तुमचे ठोके मोजणार. मोजलेलं तुमच्या मोबाइलवर येणार, तिथून आमच्या स्क्रीनवर आणि तुमच्या मुलीच्या फोनवर. तुम्ही घरी निवांत बसा, आम्ही इथून बघतोय."

"म्हणजे पाळत."

"काळजी, काका."

"दुकानदारही असंच गोड बोलायचे," काटेसाहेब म्हणाले.

खरी मेख वेगळीच होती. मुलीने अट घातली होती, महिनाभराचं मोजमाप चांगलं आलं तर ठीक, नाहीतर तिसऱ्या मजल्यावरचं घर सोडायचं आणि तिच्या तळमजल्यावरच्या घरी राहायला यायचं. काटेसाहेबांचा जीव त्या तिसऱ्या मजल्यात अडकलेला. त्याच्या गॅलरीतून कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याचं पारडं स्वच्छ दिसायचं. तळमजल्यावरून काय दिसणार? लोकांच्या चपला!

त्यांनी बसल्याबसल्या सगळी साखळी जुळवली. डॉक्टर सुचवला मुलीने. पट्टा सुचवला डॉक्टरने. पट्टा वाईट आकडे पाठवणार, डॉक्टर मान हलवणार आणि मुलगी टेम्पो बोलावणार. काटा मारण्याचे हजार प्रकार त्यांनी पाहिले होते, पण इतका सुबक कधी पाहिला नव्हता.

आता संशयित काटा तपासायची खात्याची रीत सोपी असते. ज्याच्याबद्दल खात्री आहे असं प्रमाणित वजन त्यावर ठेवायचं आणि काटा काय दाखवतो ते बघायचं. काटेसाहेबांच्या घरात असं प्रमाणित वजन एकच होतं. बायको.

बाई कधी आजारी पडल्याचं त्यांना आठवत नव्हतं. हल्ली जिना चढताना तिला धाप लागायची खरी. पण ती चढताना बोलायची, म्हणून लागायची, असं निदान त्यांनी स्वतःच करून ठेवलं होतं.

"हा पट्टा तू घाल," ते म्हणाले.

बाईंनी कुकर उतरवला, हात पुसले आणि त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "काय केलंत?"

"कुठे काय?"

"लग्नाला इतकी वर्षं झाली, साधी पिन आणली नाहीत माझ्यासाठी. आज एकदम घड्याळ? काहीतरी केलंय तुम्ही."

"घड्याळ नाही, तपासणी आहे. मुलीला सांगू नकोस. आणि रोजचीच कामं कर."

"बघते मी," बाई म्हणाल्या. त्यांनी पट्टा हातात घातला, पण काटेसाहेबांवर नजर ठेवायला सुरुवात केली. घरात आता पाळतीवर पाळत सुरू झाली.

दुसऱ्याच दिवशी मुलीचा फोन आला. "बाबा, तुम्ही जिने चढताय का?"

काटेसाहेब खुर्चीत पाय पसरून, पोटावर पेपर ठेवून पडले होते. "छे गं. का?"

"मग ठोके एवढे का उधळलेत तुमचे?"

त्यांनी आतल्या आत टाळी वाजवली. बाई नुकत्याच गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन आल्या होत्या आणि दाराला टेकून उभ्या होत्या. ठणठणीत बाईच्या हातात असताना असले आकडे! काटा सरळसरळ खोटा.

मग सिस्टरचा फोन. "काका, छातीत धडधडतंय का?"

"अजिबात नाही."

"चक्कर? घाम?"

"चहा पितोय."

"काका, इथे ठोक्यांचा ताल पार बिघडलेला दिसतोय. प्लीज लपवू नका."

"कोण काय लपवतंय ते कळेलच लवकर," काटेसाहेब अशा आवाजात म्हणाले, की सिस्टरने फोन ठेवून ताबडतोब अ‍ॅम्ब्युलन्स धाडली.

दोन माणसं स्ट्रेचर घेऊन तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत आली. एक उंच, एक जाडा. बाई तेव्हा खाली भाजी आणायला गेल्या होत्या. पट्टा माझ्या हातात नाहीच, एवढं एक वाक्य काटेसाहेब बोलले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण कसलेला निरीक्षक दारात हात उघडा करत नाही. मुख्य आरोपीसमोर, पंचांदेखत करतो. ते स्वतःहून स्ट्रेचरवर आडवे झाले आणि मंद हसू लागले.

"आजोबा हसतायत रे," जाडा घाबरून म्हणाला.

"ड्रायव्हरला वेग वाढवायला सांग," उंच म्हणाला.

हॉस्पिटलात त्यांच्या छातीला वायरी लागल्या, कागदाची पट्टी सरसर बाहेर आली. डॉक्टरांनी ती दोनदा वाचली. "काका, तुमचं हृदय तर छान चाललंय."

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" काटेसाहेब उठून बसले. मुलगीही ऑफिसातून धावत येऊन उभी होती, म्हणजे पंच जमले होते. त्यांनी बाही वर सरकवून मोकळं मनगट उंचावलं. "करा पंचनामा, डॉक्टर. तुमचा पट्टा कालपासून माझ्या हातात नाहीच. एका धडधाकट माणसाच्या हातात आहे. आणि तरी तुमच्या स्क्रीनवर बोंबाबोंब!"

डॉक्टर ओशाळले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला. "कोणाच्या हातात आहे?"

"हिच्या आईच्या. तिला काय धाड भरलीय?"

"त्या आहेत कुठे आत्ता?"

बाई दारातच होत्या. शेजाऱ्यांनी सांगितलं तशा त्या भाजीची पिशवी जिन्यात टाकून, मिळेल त्या गाडीने आल्या होत्या. एका हाताने चौकट धरलेली, बोलायचं होतं पण श्वास पुरत नव्हता. सिस्टरच्या टेबलावर ठेवलेला काटेसाहेबांचा मोबाइल पट्ट्याच्या इशाऱ्याने किंचाळायला लागला.

"आधी खाटेवरून उठा, काका," डॉक्टर म्हणाले.

वायरी बाईंना लागल्या. या वेळी कागदाची पट्टी वेडीवाकडी आली. पट्ट्याने जे दाखवलं होतं तेच, अगदी रेघेला रेघ. हृदयाचा ताल चुकत होता, बहुधा बरेच दिवस. "वेळेवर कळलं," डॉक्टर म्हणाले. "औषधांनी ताळ्यावर येईल. उशीर झाला असता तर झटका मेंदूला बसायचा."

काटेसाहेब भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा काटा खरा निघाला होता आणि वजन खोटं. जिन्यातल्या धापेला दिलेली सगळी उत्तरं त्यांना एकेक करून आठवत होती.

"काही केलं नव्हतंत ना?" बाईंनी खाटेवरून हळूच विचारलं. "मला वाटत होतं, घड्याळ दिलं म्हणजे काहीतरी नक्की."

"नाही गं," ते म्हणाले. ते मुलीकडे वळले. "टेम्पो सांगून ठेव. तिला जिने नकोत."

"तुमचा भाजीवाला?"

"मारू दे मेल्याला काटा."

तर तळमजला आला. पट्टा बाईंच्या नावावर चढला, काटेसाहेबांना दुसरा मिळाला. बाईंचे ठोके हळूहळू ओळीत चालू लागले आणि काटेसाहेब रोज सकाळी मोबाइलवर त्यांचे आकडे पूर्वी पेपर वाचत तसे वाचू लागले.

पण एक गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली होती. खात्याच्या नियमाप्रमाणे जो काटा खरा निघतो, त्यावर निरीक्षकाचा ठसा पडतो. या पट्ट्यावर तो पडलेला नव्हता. निरोप समारंभात सहकाऱ्यांनी आठवण म्हणून दिलेली, बाद झालेली पोलादी ठशाची खिळी त्यांच्या पेटीत होती. बाई अंघोळीला गेल्या, पट्टा काढून टेबलावर ठेवला होता. काटेसाहेबांनी तो रुमालावर मांडला, खिळी बरोबर मध्यभागी धरली आणि आदराने हातोडीचा एकच नेमका घाव घातला.

थोड्या वेळाने फाटकाशी अ‍ॅम्ब्युलन्स थांबली. उंच आणि जाडा धावत आत आले. "पेशंट कुठाय? पट्टा एकदम बंद पडलाय!"

बाई केस पुसत बाहेर आल्या. त्यांनी आधी त्या दोघांकडे पाहिलं, मग टेबलावरच्या तुकड्यांकडे आणि मग हातोडी पाठीमागे लपवून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे.

"मी ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "ह्यांनी पट्टा पास केलाय."