टिपणीसकाकांचा डावा हात

टिपणीसकाकांचा डावा हात मी पहिलं वर्षभर पाहिलाच नव्हता. तो कायम पँटच्या खिशात. सत्यनारायणाचा प्रसाद ते एका हातानं घेत आणि नमस्कारही एकाच हातानं करत. भाजीची पिशवी, छत्री आणि किल्ली असे तिन्ही जिन्नस उजव्या हातात धरून आमच्या कोपरखैरण्याच्या बिल्डिंगचे तीन जिने त्यांना चढताना पाहिल्यावर मी बायकोला हळूच म्हटलं, "अर्धांगवायू असावा." ती म्हणाली, "मग रोज सकाळी तो खिशात घालतं कोण?"

शेवटी खुलासा त्यांनीच केला. "एक हात आत, जीव शाबूत." हे त्यांचं ब्रीद. उघड्या वायरींना दोन्ही हात लागले तर करंट एका हातातून शिरतो, छातीतून जातो आणि दुसऱ्या हातानं बाहेर पडतो. एक हात खिशात असला की त्याला ती वाटच नाही.

"पण काका, प्रसादात कसला करंट?"

"प्रश्न प्रसादाचा नाही रे शिरीष, सवयीचा आहे."

तुर्भ्याच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं मीटर दुरुस्त केले होते, त्यामुळे मी मान डोलावली.

निवृत्तीनंतर काका घरात गिटारचा अँप्लिफायर बांधत होते. तोही जुन्या पद्धतीचा, काचेच्या व्हॉल्व्हचा. त्या घरात गिटार वाजवतं कोण, ते मला कळत नव्हतं. काकांना शिट्टीसुद्धा धड वाजवता येत नाही. पण दर रविवारी सकाळी मला बोलावणं येई. माझ्याकडे कामं दोन: ते सांगतील ते आकडे वहीत लिहायचे आणि त्यांना शॉक लागलाच तर हात न लावता लाकडानं बाजूला ढकलायचं. लाकूड म्हणजे सुधाकाकूंचं लाटणं. एका हातात पेन आणि दुसऱ्यात लाटणं घेऊन मी उभा असलो की काकू दारात येऊन म्हणत, "ह्यांचं मरण टळलं असेल तर लाटणं दे बाबा. पोळ्या राहिल्यात."

हवे होते तीनशे तीस व्होल्ट. येत होते चारशे बारा. दर रविवारी तेच. काका चिडत नसत, गोंधळत. "असं कसं?" असं म्हणून ते आधी मीटरकडे बघत, मग माझ्याकडे, जसं काही वरचे ब्याऐंशी व्होल्ट मीच घरून घेऊन आलोय. मी विम्याच्या कचेरीतला माणूस. व्होल्ट म्हणजे नक्की काय, इथपासूनच माझी बोंब. त्यांनी वायरी बदलल्या, मीटर बदलला, टेबल खिडकीजवळ नेऊन पाहिलं. वही संपली, दुसरी आणली. माझा गोंधळ मात्र पहिल्या पानावरचाच राहिला.

मग मे महिन्यातल्या एका रविवारी काका दारोदार बेल वाजवत फिरले. "पाच मिनिटं गीझर लावता का? बिल्डिंगवर भार पडला की व्होल्टेज उतरेल." घामाच्या धारा लागलेल्या लोकांनी बिचाऱ्यांनी गीझर लावले. आकडा आला चारशे नऊ.

मला राहवेना. दोन्ही वह्या घेऊन मी मार्केटमधल्या मोटर वाइंडिंगवाल्या पाटलांकडे गेलो. तारेचं वेटोळं हातात धरूनच त्यांनी पानं चाळली.

"लोड नाय लावला त चढनारच ना. आत व्हॉल्व्ह बसवले हाय का नाय?"

मी तसाच वर काकांकडे आलो. अँप्लिफायरवर दोन गोल खोबणी होत्या. इतके महिने मी त्या बघत होतो आणि ती नक्षी समजत होतो.

"काका, व्हॉल्व्ह कुठायत?"

काकांनी कपाटातून स्टीलचा डबा काढला. आत कापूस आणि कापसात दोन काचेच्या नळ्या.

"हे लावले की आकडा उतरतो म्हणे," मी म्हटलं.

"ठाऊक आहे मला."

"मग?"

"आणि नाही उतरला तर? जळतील ना. म्हणून आधी रिकाम्यानंच उतरवून बघत होतो."

"ऑनलाइन मिळतात, काका."

"मिळतात. हे नाही मिळत."

ते खुर्चीवर बसले. लग्नाआधीपासून सुधाकाकू हवाईयन गिटार वाजवायच्या, मांडीवर आडवी ठेवून. गिरगाव सोडून इकडे यायचं ठरलं तेव्हा नव्या घरात जागा नाही म्हणून काकांनी त्यांचा अँप्लिफायर भंगारात देऊन टाकला. त्यांना न विचारता. अगदी शेवटी काय वाटलं कोण जाणे, हे दोन व्हॉल्व्ह तेवढे उपटून ठेवले.

"एक शब्द बोलली नाही रे ती. भांडली असती तर बरं झालं असतं. गिटार माळ्यावर गेली ती गेलीच."

इतके महिने मी ह्या माणसाला हसत होतो. मला स्वतःचीच लाज वाटली.

"लावा," दारातून आवाज आला. काकू लाटणं मागायला आल्या होत्या. "जळले तर जळले. पण लावा आता. शिरीष, माळ्यावरून गिटार काढ."

गिटार काढली. कव्हरवर धुळीचा कणही नव्हता.

मी लाटणं उचलून उभा राहिलो. काकांनी एका हातानं दोन्ही व्हॉल्व्ह बसवले आणि स्विच दाबला. काचेत हळूहळू नारिंगी उजेड आला. मीटरवरचा आकडा चढला, तसाच घसरला आणि थांबला. मी वाचला, "तीनशे एकतीस."

"नीट बघ."

"तीनशे एकतीस, काका."

काकूंनी गिटार मांडीवर घेतली आणि एक तार छेडली. आवाज आधी घोगरा आला, मग मोकळा झाला. त्यांनी पुन्हा छेडली, तशी गिटार गुडघ्यावरून सरकू लागली.

"बघत काय उभे राहिलात? तो हात काढा खिशातून आणि गिटार धरा. घसरतेय ही."

काकांनी एकदा अँप्लिफायरकडे पाहिलं. मग डावा हात बाहेर काढला, जमिनीवर बसले आणि दोन्ही हातांनी गिटार धरली. त्या हातावर काही जळल्याचा डाग असणार, असं मी धरून चाललो होतो. तसं काही नव्हतं. साधा हात होता.

मी लाटणं ओट्यावर ठेवलं आणि घरी आलो.