वेंडेलचं बीफ आणि चर्चची कॉफी

रविवारी सकाळी वेंडेल ब्रेकेने विजेवर मंद शिजवणाऱ्या स्लो कुकरचं झाकण पुन्हा एकदा उघडलं आणि आत डोकावून पाहिलं. बीफचा जाडजूड तुकडा बेकनच्या पट्ट्या पांघरून निवांत पडला होता. झाकण उघडलं की वाफ निघून जाते आणि शिजायला आणखी वेळ लागतो, असं त्याच्या बायकोने, इर्माने, त्याला जन्मभर बजावलं होतं. पण वेंडेलने जन्मभर गुरं पाळली होती. गाय विणार असली की माणूस शहाण्यासारखा घरात बसून राहत नाही, गोठ्यात दहा चकरा मारतो. कुकरच्या बाबतीतही त्याने तेच केलं होतं.

इर्माला जाऊन वर्ष होत आलं होतं. या वर्षभरात नॉर्डवाल गावातल्या लुथरन चर्चमधल्या बायकांनी त्याला जेवू घातलं होतं. नूडल्स घातलेलं, बटाटे घातलेलं, वर चीज पसरलेलं असं काही ना काही भरलेलं भांडं दर दोन दिवसांनी त्याच्या दारात येई. वेंडेल ते घेई, आभार मानी, भांडं घासून पुसून परत करी. मधल्या काळात अन्नाचं काय होई, ते तो आणि त्याचा कुत्रा जाणत होते. तो स्वतः एकटा असला की कॉर्नफ्लेक्स खाई.

हे गुपित आठवड्यापूर्वी फुटलं. ओमाहा शहरातून जोलीनचा, म्हणजे त्याच्या मुलीचा, फोन आला.

"बाबा, रात्री काय जेवलात?"

"जेवलो की."

"काय, ते विचारतेय."

"कॉर्नफ्लेक्स."

"आणि दुपारी?"

वेंडेलने फोन दुसऱ्या कानाला लावला. तसा तो खोटं बोलणारा माणूस नव्हता.

"मी चर्चमधल्या आर्लिसला फोन केला होता," जोलीन म्हणाली. "ती म्हणते, तुम्ही कुत्र्याला जेवायला घालता आणि स्वतः उपाशी राहता."

"सगळं नाही घालत कुत्र्याला."

"हे बघा बाबा, माझ्या घराजवळ ती म्हाताऱ्या माणसांची जागा आहे ना, तिथे खोली रिकामी झालीय. तीन वेळचं गरम जेवण मिळतं. सोमवारपर्यंत सांगायचंय त्यांना."

वेंडेलने खिडकीतून बाहेर पाहिलं. कापणीला आलेला मका, त्यापलीकडे रिकामा गोठा, गोठ्याच्या दाराशी कुत्रा. ओमाहातल्या खोलीच्या खिडकीतून काय दिसत असेल, याचा त्याने विचार केला. आणि मग, आयुष्यात फारशा बढाया न मारलेल्या या माणसाने एक बढाई मारली.

"रविवारी चर्चमध्ये सुगीचं जेवण आहे. ये तू. मी तुझ्या आईचं बीफ करून नेतोय."

"बेकन गुंडाळलेलं?"

"तेच."

"बरं, येते," जोलीन म्हणाली. "ते नीट जमलं, तर मी त्या खोलीचं नाव काढणार नाही. नाही जमलं, तर सोमवारी सामान बांधायला घ्यायचं. कबूल?"

"कबूल," वेंडेल म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर बेकन आधी परततात की आधी गुंडाळतात, हे आठवायचा प्रयत्न करू लागला.

आधी परततात. हे त्याला शनिवारी एक पाकीट वाया घालवल्यावर कळलं. मांस बांधायचा दोरा सापडेना, म्हणून त्याने इर्माच्या क्रोशाच्या टोपलीतला पांढरा सुती दोरा घेतला. टोपली उघडताना त्याचे डोळे भरून आले, पण हाताला बेकनची चरबी लागलेली असल्यामुळे डोळे पुसायची सोय नव्हती.

अशा रीतीने रविवारी सकाळी, अर्धवट शिजलेलं बीफ कुकरसकट मोटारीत पुढच्या सीटवर बसवून, त्याला सीटबेल्ट लावून वेंडेल चर्चला निघाला. प्रार्थना संपेपर्यंत ते तळघरात शिजत राहील आणि जेवणाच्या वेळी तयार होईल, असा त्याचा हिशोब होता. झाकण उघडण्यात गेलेला वेळ त्याने धरला नव्हता.

तळघरातल्या लांब टेबलावर स्लो कुकरांची रांग लागली होती. प्रत्येकाच्या झाकणावर चिकटपट्टी आणि तिच्यावर मालकिणीचं नाव. कुठे बीन्स, कुठे मीटबॉल, कुठे काय आहे ते मालकिणीलाच माहीत असावं असं काहीतरी पांढरं. रांगेच्या टोकाला कॉफीचं विजेवर चालणारं भलंमोठं पिंप उभं होतं. आर्लिस एप्रन बांधून त्यात पाणी ओतत होती. चर्च पास्टरचं असलं, तरी तळघर आर्लिसचं होतं.

"वेंडेल, हे काय आणलंस?"

"बीफ."

"विकत घेतलंस?"

"केलं."

आर्लिसने कुकरकडे पाहिलं, मग वेंडेलकडे पाहिलं. "त्या टोकाला लाव," ती म्हणाली. "आणि झाकण उघडू नकोस."

जोलीन पोचली तेव्हा पहिलं भजन सुरू झालं होतं. ती मागच्या बाकावर बसली. वेंडेलची त्या दिवशी दाराशी उभं राहून लोकांना जागा दाखवायची पाळी होती. त्याने तिला पाहून मान हलवली, तिने त्याला पाहून मान हलवली. ब्रेके घराण्यात याला गळाभेट म्हणत.

दुसऱ्या भजनाच्या शेवटच्या कडव्याला आर्लिस नेहमीप्रमाणे हळूच उठून खाली गेली, कॉफीचं पिंप सुरू करून परत आली आणि काही घडलंच नाही अशी बसली. पास्टरने प्रवचनाला सुरुवात केली. तो तरुण होता, नवा होता आणि सावकाश बोलायचा. दोन वाक्यं झाली आणि माइक बंद पडला.

पास्टरने माइकवर टिचकी मारली, मग आवाज चढवून पुढे बोलू लागला. मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्यांना आता काही ऐकू येत नव्हतं. तक्रार कुणीच केली नाही, उलट दोघातिघांनी डोळे मिटून घेतले. पण दाराशी उभ्या असलेल्या वेंडेलच्या तोंडचं पाणी पळालं. पंचवीस वर्षांपूर्वी या माइकची वायर तळघरातल्या विजेच्या लाइनवरून त्यानेच वर ओढली होती. माइक गेला म्हणजे टेबलावरची लाइन गेली, म्हणजे त्याचं बीफ थंड व्हायला लागलं.

प्रवचन चालू असताना उठून जाणं नॉर्डवालमध्ये कुणी करत नाही. पण वेंडेल मुळात बसलेलाच नव्हता. तो पावलं न वाजवता खाली उतरला.

मेन बोर्डावरचं त्या लाइनचं बटण खाली पडलं होतं. त्याने ते वर केलं. ते पुन्हा पडलं. म्हणजे भार जास्त झाला होता, काहीतरी काढायला हवं होतं. वेंडेल टेबलाशी आला आणि पहिल्या कुकरच्या प्लगला त्याने हात घातला. झाकणावर लिहिलं होतं, 'बर्निस'. इर्मा गेली त्या रात्री बर्निस त्याच्या स्वयंपाकघरात येऊन काही न बोलता भांडी घासून गेली होती. त्याने हात काढून घेतला. पुढचा कुकर 'ग्लॅडिस'चा. तिचे मीटबॉल कुत्र्याला फार आवडायचे. तिलाही तो दुखवू शकेना. असं करत करत तो रांगेच्या टोकाला त्याच्या स्वतःच्या कुकरपाशी पोचला. सज्जन माणसाने इथे आपला प्लग काढला असता. वेंडेलही सज्जन होता, पण त्याला ओमाहातली खोली दिसत होती.

मग त्याला पिंप दिसलं. त्याच्यावर कुणाचंच नाव नव्हतं.

त्याने पिंपाचा प्लग काढला, बटण वर केलं, आणि या वेळी ते टिकलं. कुकरांचे लाल दिवे ओळीने लागले. त्याच क्षणी वरच्या मजल्यावर, आवाज चढवून चढवून अगदी शेवटच्या बाकापर्यंत पोचलेल्या पास्टरचा माइक सुरू झाला आणि "जागे राहा" हे शब्द असे काही गरजले, की छताला हादरा बसल्यासारखं वाटलं. मागचे म्हातारे खडबडून जागे झाले. प्रार्थना संपल्यावर दाराशी हात मिळवताना त्यांनी पास्टरला सांगितलं, की आजचं प्रवचन चांगलं झालं.

आता वर जावं, हे वेंडेलला कळत होतं. पण बीफचं काय झालं असेल? त्याने झाकण उघडलं. सुरी खुपसून पाहिली. मधोमध मांस अजून घट्ट आणि लालसर होतं. आणखी तासभर तरी हवा होता आणि प्रार्थना संपायला वीस मिनिटंही उरली नव्हती.

प्रार्थना संपली. माणसं जिना उतरून खाली आली, हात चोळत, पाऊस पडला नाही हे बरं झालं असं म्हणत. आर्लिस कॉफीचे कप मांडून पिंपाशी गेली, तोटी सोडली आणि कपात पडलेल्या पाण्याकडे बघत राहिली. पाणी थंडगार आणि अगदी स्वच्छ होतं.

या चर्चमध्ये वादळात छप्पर उडालं होतं, एकदा पास्टर पळून गेला होता, पण कॉफी नाही असं कधी झालं नव्हतं. कॉफीशिवाय इथे कुणी टेबलाशी बसत नाही, आणि कुणी बसल्याशिवाय जेवणाची प्रार्थना होत नाही.

"पातेल्यात उकळू का थोडी?" बर्निसने विचारलं. "गॅसवर दहा मिनिटांत होईल."

आर्लिस वाकून पिंपाची वायर बघत होती. वेंडेलला हे असं लटकत राहणं सहन होईना. तो तिच्याजवळ गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "मीच काढला प्लग."

"का?"

"लाइन जात होती. काहीतरी काढायला हवं होतं."

"आणि तुला कॉफी सापडली."

"बाकीच्यांवर नावं होती," वेंडेल म्हणाला. मग सगळंच सांगून टाकलं. ओमाहा, खोली, सोमवार, मधोमध घट्ट राहिलेलं बीफ. एवढं सलग तो इर्मा गेल्यापासून कुणाशी बोलला नव्हता. आर्लिस एप्रनला हात पुसत ऐकत राहिली. तिने मान वळवून जोलीनकडे पाहिलं. जोलीन कोट हातावर टाकून खिडकीशी उभी होती, एखादी पाहुणी उभी राहावी तशी.

"मला वाटलं, ती तुला दोन शब्द सुनावेल," आर्लिस पुटपुटली. "तुला उचलून घेऊन जाईल असं कुठे वाटलं होतं मला?" मग तिने विचारलं, "किती वेळ लागेल तुझ्या त्या बीफला?"

"पाऊण तास."

"मग कॉफीलाही पाऊण तास लागेल." ती वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पातेल्यातली कॉफी? पलीकडच्या चर्चवाल्यांसारखी? आपल्याकडे नाही ते चालायचं. दोघं या इकडे, पिंप उचला. वर पास्टरच्या खोलीत लावायचं, तिथली लाइन वेगळी आहे. आणि वेंडेल."

"काय?"

"पुन्हा झाकण उघडलंस तर बोटं मोडीन."

तो पाऊण तास नॉर्डवालच्या इतिहासात पहिल्यांदाच लोकांनी जेवणाआधी एकमेकांशी गप्पा मारण्यात घालवला. मक्याचे भाव बोलून झाले, गुडघे बोलून झाले. जोलीन बर्निसच्या तावडीत सापडली आणि तिला इर्माच्या लहानपणाच्या कितीतरी गोष्टी ऐकाव्या लागल्या. दोनदा ती हसली, ते वेंडेलने लांबून पाहिलं. तो कुकरसमोर हात पाठीमागे बांधून उभा होता.

वरून कॉफीचा वास खाली आला तेव्हा त्याने झाकण उघडलं. दोरा कापला. सुरी लावली, तर ती न दाबता खाली उतरली आणि बेकनसकट काप अलगद बाजूला कलंडला. वेंडेलचा जीव भांड्यात पडला. त्याने इतका मोठा सुस्कारा सोडला की ग्लॅडिसने त्याला बरं वाटतंय ना असं विचारलं.

लोक जेवले. बीफकडे पहिल्यांदा कुणी फारसं गेलं नाही, मग एकाने घेतलं, मग त्याने शेजाऱ्याला डोळ्याने खुणावलं आणि रांग लागली. "वाईट नाही," असं तिघांनी म्हटलं. या भागात यापुढची स्तुती फक्त मेलेल्या माणसाची करतात. शेवटी ताटात एकच काप उरला. शेवटचा तुकडा उचलणं इथे असभ्यपणाचं समजतात, म्हणून एकाने त्याचा अर्धा घेतला, दुसऱ्याने उरलेल्याचा अर्धा, आणि मग जो कागदासारखा पातळ तुकडा राहिला त्याच्याकडे सगळे सभ्यपणे बघत बसले.

जोलीन उठली, टेबलापाशी आली आणि तो तुकडा बोटांनी उचलून तिने सगळ्यांसमोर खाल्ला. सावकाश चावला. तिचे डोळे पाणावले होते.

"आई मीठ थोडं जास्त घालायची," ती म्हणाली.

"घालायची खरी," वेंडेल म्हणाला.

"त्या जागेवाल्यांना मी उद्या नको म्हणून कळवते, बाबा."

वेंडेलला खूप काही बोलायचं होतं. "बरं," तो म्हणाला, आणि तिच्या कपात आणखी कॉफी ओतली.

तेवढ्यात आर्लिसने स्वयंपाकघराच्या दारातून डोकं बाहेर काढलं. "वेंडेल, पुढच्या अंत्यविधीच्या जेवणाला बीफ तू आणायचंस. दोन कुकर भरून."

"आणतो," वेंडेल दचकून म्हणाला. "कोण गेलं?"

"अजून कुणी नाही," आर्लिस म्हणाली. "पण तुला शिजवायला वेळ लागतो, म्हणून आत्ताच सांगून ठेवलं."