सुईला शिव्या देणाऱ्या परबकाकू

प्रेमळ शेजारीण म्हटलं की वाटीभर खीर घेऊन दारात उभी राहिलेली बाई दिसते ना तुम्हाला? पुसून टाका. आमच्या नायगावच्या परबकाकू कुकरला शिव्या देतात.

"मेल्या, तिसरी शिट्टी काय तुझो बापूस देतलो?"

पंखा, लिफ्ट, दूध उतू गेलं तर दूध, कुणाचीच सुटका नाही. मी बार्शीचा, मालवणी इथेच शिकलो, तीसुद्धा भिंतीपलीकडून.

समोरच्या घरात ओवी. सहा वर्षांची. तिला जेवणाआधी रोज घरीच इन्सुलिन टोचावं लागतं. चुकवून चालत नाही. बाबा पाय धरायचे, आई सुई धरून म्हणायची, "मुंगी चावेल फक्त." ओवी अशी किंचाळायची, की सगळा मजला जेवायचा थांबायचा.

एकदा काकू तणतणत आत शिरल्या. "मुंगी खय हा? पोराक खोटा कित्याक सांगतास? दुखतला म्हण, थोडा. आणि तू रे, पाय सोड. बकरो धरलंस काय?"

"काकू, हलली तर?"

"मांडयेर घेऊन मिठी मार."

मग ओवीला म्हणाल्या, "पोटात की मांडयेत? तूच सांग. आणि सुयेक गाळी घाल. मोठ्यान!"

ओवी हुंदके देत ओरडली, "मेल्ये सुये, चालती हो!" तेवढ्यात टोचून झालं आणि सुई खरंच चालती झाली. त्या दिवसापासून जेवणाआधी काकू रोज यायच्या आणि तेच चालायचं.

मग काकू भाचीच्या लग्नाला मालवणला गेल्या. संध्याकाळी ओवी पलंगाखाली. तिच्या बाबांनी मला हाक मारली, कारण मजल्यावर सगळ्यांच्या नकला मीच करतो. मी डोक्यावर टॉवेल घेतला.

"गो ओवी, खय लपलंस?"

डोकं बाहेर आलं. "तू काकू नाहीस. काकू अशा नाही ओरडत."

"मग कशा?"

तिने कमरेवर हात ठेवून मला अस्सल ओरडणं शिकवलं. मग बाबांच्या मांडीवर बसली, आईला "आता टोच," म्हणाली आणि सुईला सोडून मलाच शिव्या घातल्या. रडली नाही. काकू येईपर्यंत रोज हाच खेळ.

काकू परतल्या तेव्हा ओवीने टॉवेलसकट सगळं करून दाखवलं. काकू माझ्याकडे वळल्या. नकलेबद्दल शिव्या ऐकायची तयारी मी ठेवलीच होती.

"नक्कल करूक येता मेल्या, एक फोन करूक येना नाय? थय पंगत बसली, की माझा लक्ष घड्याळात. ह्या पोर रडला की हसला, माका कोण सांगतला? एक घास घशाखाली उतरूक नाय!"